फौजी घड्याळं आणि हेरांची मनगटं: तुम्ही विचारलंत, मी सांगतो

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्या कॅम्पातल्या घड्याळाच्या दुकानात फौजी माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न 'किती पैसे होतील' असा नसतो, 'सेकंदाला बरोबर चालेल ना' असा असतो. एवढ्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवा, फक्त फौज आणि हेरखातं घ्या. लंबकवाल्या भिंतीवरच्या घड्याळांची मंडळी, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात, रागावू नका. आणि एक आधीच सांगून टाकतो, मी फौजेत कधी नव्हतो, माझं फौजेशी नातं घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर जेवढं दिसतं तेवढंच.

प्रश्न: काका, ऑनलाइन 1,450 रुपयांना एचएमटी घेतलं. काळी डायल, त्यावर 'इंडियन आर्मी' लिहिलंय आणि खाली तलवारी आहेत. विकणारा म्हणतो 1971 च्या लढाईतलं आहे. खरं असेल का? दुसरं म्हणजे घरी पणजोबांचं एक बंद घड्याळ आहे, डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, सोवार प्रिमा असं लिहिलंय. ते भंगारात द्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, भंगारात द्यायचंच असेल तर पहिलं द्या, दुसरं हातात धरून माझ्याकडे या!

थट्टा सोडा, पण तुमच्यासारखे आठवड्याला दोन तरी येतात. ही 'आर्मी' डायलची घड्याळं आपल्याच मुंबईत तयार होतात. जुनं एचएमटी किंवा जपानी सायको किलोच्या भावाने घ्यायचं, डायल खरवडून नव्याने रंगवायची, वर जे खपेल ते छापायचं, आर्मी, नेव्ही, पायलट, काय वाट्टेल ते. परदेशातल्या शौकीन लोकांत तर या मालाला 'मुंबई स्पेशल' असं नावच पडलंय, म्हणजे मुंबईचं नाव कुठे कुठे गाजतंय बघा. ओळखायचं कसं, तर भिंग घ्या आणि डायलवरची अक्षरं बघा, कडा फुटलेल्या दिसतील, मिनिटांच्या रेघा आणि आकडे एका रेषेत नसतील, आणि केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, इतकी घासलेली असेल की मूळ कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल झालेले असतील. मुख्य म्हणजे साधा विचार करा, सरकारला आपलं नाव डायलवर मिरवायची हौस नसते, सरकार मागच्या झाकणावर नंबर खोदतं, कारण ते घड्याळ सैनिकाचं नसतंच, सरकारी मालमत्ता असते, रायफल जमा करता तसं तेही जमा करायचं. ब्रिटिश लोक फार तर एक छोटा बाण काढायचे, त्यांच्या सरकारी मालाची खूण, बास. मीही तरुणपणी एका जुन्या बाजारात असलंच एक 'पायलट' घेऊन फसलोय, तेव्हा लाज वाटून घेऊ नका. एचएमटीची बेंगळुरूतली फॅक्टरी 1961 ला सिटिझनच्या मदतीने सुरू झाली आणि 2016 मध्ये सरकारने कंपनीच बंद करायचं ठरवलं, त्या बातमीनंतर तर या रंगवलेल्या मालाचे भाव अजूनच चढले. मशीन मात्र बहुतेक वेळा खरं असतं, चावीचं, 17 ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करायला आत 17 माणकं बसवलेलं, त्यामुळे चालतं तोपर्यंत घाला खुशाल, फक्त 1971 च्या गोष्टी कोणाला सांगू नका.

आता पणजोबांचं. वेस्ट एंड ही स्विस घड्याळांची कंपनी, पण सुरू झाली 1886 मध्ये आपल्या मुंबईत. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार, नावातच गिऱ्हाईक कोण ते कळतं. ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत, रेल्वेत, टपाल खात्यात ही घड्याळं भरपूर चालायची. तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात गेले, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी झालं, अशा मुलखातल्या घरात सोवार प्रिमा सापडणं यात मला तरी काही नवल वाटत नाही. पणजोबा फौजेत होते का ते घरात विचारा, जुनी पेन्शनची कागदपत्रं असतील तर घड्याळासोबतच ठेवा. आणि डायलला हात लावू देऊ नका कोणाला, पिवळी पडलीय, डाग पडलेत, राहू दे, कोणी 'नवीन करून देतो' म्हणाला तर तिथून उठा.

प्रश्न: माझे मामा तोफखान्यात होते, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालायचे, आम्ही पोरं हसायचो. त्याला काही कारण असतं का? आणि सिनेमात हल्ल्याआधी सगळे घड्याळं जुळवतात ते खरंच करतात का?
– नाशिक रोड

उत्तर: मामांवर हसलात ते चुकलंच. घड्याळाची काच उन्हात चमकते आणि ती चमक लांबून दिसते, हे एक. दुसरं, हातात रायफल किंवा दुर्बीण धरलेली असताना मनगट न फिरवता वेळ दिसते. तिसरं, दगडाला, पत्र्याला काच आपटत नाही. रात्री तर आकडे चमकतात म्हणून काही लोक वरून कापडी पट्टीही ओढतात.

घड्याळं जुळवण्याचं म्हणाल तर मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर आलं तेच मुळात यामुळे. आधी मनगटावर घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, पुरुषाचं घड्याळ खिशात, साखळीला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात काही सैनिकांनी खिशातलं घड्याळ चामड्याच्या पट्ट्यात बसवून हाताला बांधलं आणि पहिल्या महायुद्धात तर खंदकात बसून खिशात हात घालायला वेळच नव्हता. 1 जुलै 1916, फ्रान्समधली सोम नदीकाठची लढाई, ब्रिटिशांची वेळ ठरलेली, सकाळी बरोबर 7:30, मैलोन्मैल पसरलेल्या खंदकांतून सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचं आणि आपल्या तोफांचा मारा त्याच मिनिटाला पुढे सरकायचा, म्हणजे कोणाचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं की तो आपल्याच तोफगोळ्यांत सापडणार. त्या दिवशी हॉथॉर्न रिज या टेकडीखालचा सुरुंग मात्र मुद्दामच 7:20 ला उडवला, दहा मिनिटं आधी, आणि समोरच्या जर्मनांना आयती सूचना मिळाली. त्या एका दिवसात 19 हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले. सगळं काही त्या दहा मिनिटांमुळे झालं असं नाही, पण तिथे दहा मिनिटं म्हणजे काय असतात ते कळावं म्हणून सांगितलं.

म्हणून पुढे फौजेने एक अटच घालायला सुरुवात केली, चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागेवर थांबला पाहिजे. अधिकारी मोजतो, शून्य म्हटलं की सगळे एकदम चावी आत दाबतात. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन ए-11, जे एल्जिन, वॉल्थम आणि बुलोवा या तिघांनी बनवलं, त्यात ही सोय होती. तुमच्याकडे चावीचं घड्याळ असेल तर ओढून बघा, आपल्या घरातल्या बऱ्याच जुन्या घड्याळांत सेकंदकाटा चालतच राहतो, कारण आपल्याला कुठे कोणाच्या खंदकावर जायचं होतं.

प्रश्न: नमस्कार, इथल्या एका गराज सेलमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं घड्याळ मिळालं, खाकी पट्टा, आकडे तपकिरी पडलेत, अंधारात अजिबात चमकत नाहीत. मुलगा म्हणतो त्यात रेडियम आहे, धोकादायक आहे. पण चमकतच नाही तर संपलं असेल ना?
– न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर: मुलाचं ऐका. संपलेलं नाही. चमक जाते कारण रेडियमच्या सततच्या माऱ्याने त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड खराब होतं, रेडियम स्वतः तसंच असतं, त्याचं अर्धं व्हायलाच 1,600 वर्षं लागतात. झाकण बंद ठेवून कपाटात राहिलं तर फार घाबरायचं कारण नाही, पण ते उघडू नका, डायल खरवडू नका, उशाशी घेऊन झोपू नका, आणि ती तपकिरी पूड सुटलेली दिसली तर पिशवीत सील करा. मी माझ्या टेबलावर अशी घड्याळं उघडतच नाही आता, आमच्या वडिलांनी उघडली असतील, त्या काळात माहीत कोणाला होतं.

आणि तुम्ही राहता तिथेच याची सगळ्यात वाईट गोष्ट घडलीय. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता, पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या डायल तिथे रंगवल्या जायच्या. कामाला तरुण मुली. ब्रशला बारीक टोक यावं म्हणून तो ओठात धरून टोक काढायला त्यांना शिकवलं होतं, म्हणजे दिवसभर थोडं थोडं रेडियम पोटात. पुढे जबड्याची हाडं कुजायला लागली, रक्त कमी झालं, मुली मेल्या, आणि कंपनी म्हणत राहिली की रंगाचा काही संबंध नाही. पाच जणींनी खटला भरला तो 1928 मध्ये तडजोडीने मिटला. खंदकात रात्री वेळ दिसावी यासाठी ही किंमत कोणी दिली ते डायलवर कुठे लिहिलेलं नसतं.

1960 नंतर रेडियम जाऊन ट्रिटियम आलं, ते बरंच सौम्य, 12 वर्षांत अर्धं होतं. डायलवर खाली छोटा टी दिसला, किंवा ब्रिटिश फौजी घड्याळावर गोलातला टी दिसला, की ते ट्रिटियम. तुमच्यावर तसं काही नसेल, चाळीसच्या दशकातलं आहे ना.

प्रश्न: सर, मी कॉलेजला आहे, मला हेरगिरीचं प्रचंड वेड आहे. खरे गुप्तहेर कुठलं घड्याळ घालतात? रोलेक्स? त्यात कॅमेरा वगैरे खरंच असायचा का?
– ठाणे

उत्तर: आलं का रोलेक्स! मला वाटलंच होतं.

बघ, खरा हेर काय घालतो हे कळलं तर तो कसला हेर. पण जे उघड झालंय त्यावरून सांगतो. कॅमेऱ्याचं आधी उरकतो, हो, होता. 1940 च्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत स्टायनेक नावाचा मनगटी कॅमेरा निघाला, घड्याळासारखाच दिसायचा, आत गोल चकतीची फिल्म आणि त्यावर फक्त आठ फोटो. आणि मिनिफोन नावाचं एक छोटं रेकॉर्डर होतं 1950 च्या दशकात, तारेवर आवाज भरणारं, त्याचा एक माईक घड्याळाच्या रूपात मिळायचा, वायर बाहीतून वर कोटाच्या आत रेकॉर्डरपर्यंत. मजा आहे खरी, पण ही दोन्ही बाजारात विकत मिळायची, म्हणजे ज्याला पकडायचं त्यालाही माहीत.

खऱ्या हेराने घडवलेलं घड्याळ बघायचं तर रोबेर मालुबिए. हा फ्रेंच माणूस, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेसाठी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये घातपाताची कामं करायचा, युद्धानंतर फ्रेंच गुप्तचर खात्यात गेला आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्याबरोबर पाण्याखालून पोहत जाऊन हल्ला करणाऱ्या सैनिकांचं पथक उभं करायच्या कामाला लागला. गढूळ पाण्यात, रात्री, किती मिनिटांची हवा उरलीय हे कळलं नाही तर माणूस मेला. दोघांनी बाजारातली घड्याळं तपासली, एकही टिकेना, मग कागदावर स्वतःच आखणी केली, काळी डायल, मोठे चमकणारे आकडे, आणि बाहेरून फिरणारी कडी, बुडी मारताना तिची खूण मिनिटकाट्यावर आणून ठेवायची की किती वेळ गेला ते नुसत्या नजरेने कळतं, हिशेब करायला नको. एका फ्रेंच कंपनीने याला भविष्य नाही म्हणून परत पाठवलं. ब्लांपाँ या स्विस कंपनीचा प्रमुख फिश्टर स्वतः पाण्यात उतरणारा माणूस होता, त्याला लगेच समजलं. 1953 मध्ये फिफ्टी फॅदम्स आलं, पन्नास फॅदम म्हणजे साधारण 91 मीटर खोली. आज ज्याला आपण डायव्हिंग घड्याळ म्हणतो आणि लग्नात कोटावर घालतो, त्याचं रूप असं एका गुप्तचराच्या गरजेतून ठरलेलं आहे.

आता याच्या बरोबर उलटं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचं एमएसीव्ही-एसओजी नावाचं अतिगुप्त पथक होतं, लाओस आणि कंबोडियात घुसायचं, जिथे कागदोपत्री अमेरिकन सैनिक नव्हतेच. या लोकांच्या अंगावर अमेरिका सांगणारी कुठलीच वस्तू नको म्हणून जपानच्या ओकिनावा बेटावरच्या अमेरिकन खरेदी ऑफिसातून त्यांच्यासाठी सायको घेतली गेली. जपानी, मजबूत, आणि त्या सगळ्या भागात दुकानादुकानांत मिळणारं, म्हणजे मेलेल्या माणसाच्या हातावर सापडलं तरी ते काहीच सिद्ध करत नाही. मला विचारशील तर हेराचं घड्याळ म्हणजे हे. ज्याच्याकडे बघून समोरच्याला ना तुझा देश कळतो ना पगार.

आणि रोलेक्सचं काय होतं ते एफबीआयच्याच रॉबर्ट हॅन्सनकडून शिक. एफबीआयमध्ये बसून हा 1979 पासून मधूनमधून सोव्हिएत संघाला आणि पुढे रशियाला गुपितं विकत होता, 18 फेब्रुवारी 2001 ला व्हर्जिनियातल्या एका पार्कात पाकीट ठेवताना पकडला. एफबीआयच्या हिशेबाने त्याला मिळालं ते रोकड, बँकेतला पैसा, हिरे आणि रोलेक्स घड्याळं धरून 14 लाख डॉलरच्या वर. विचार कर, सरकारी पगाराचा माणूस, घरी सहा मुलं, तो ते घड्याळ घालून ऑफिसला कसा जाणार. म्हणजे मिळालं तरी घालता येत नाही अशी गत. घड्याळ वेळ सांगतं तशी चुगलीही करतं बाबा, आणि या धंद्यात चुगलीचीच भीती.

प्रश्न: नेटो पट्टा म्हणजे काय? नेटोच्या सैन्यातला असतो का? तीनशे रुपयांना मिळतो तो खरा का?
– कोल्हापूर

उत्तर: नावापुरता नेटो. मूळ पट्टा ब्रिटिश संरक्षण खात्याचा, 1973 चा नमुना, करडा नायलॉन. सैनिकाला तो मिळवायला जी-1098 नावाचा फॉर्म भरावा लागायचा म्हणून तिकडे त्याला 'जी-टेन' म्हणतात. खुबी अशी की पट्टा घड्याळाच्या मागून सलग जातो, एक पीन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, पाण्यात पडत नाही. बऱ्याच खऱ्या फौजी घड्याळांत तर पिना नसतातच, केसलाच दांड्या जोडलेल्या असतात, मग सलग जाणाऱ्या कापडी पट्ट्याशिवाय दुसरं काही बसतच नाही. तीनशेवाला चालेल की, बकल गंजतं का तेवढं पावसाळ्यात बघा, आणि आठवड्यातून एकदा धुवा, घामाचा वास भयानक मारतो नायलॉनला.

प्रश्न: मी कॅसिओचं साधं काळं डिजिटल एफ-91डब्ल्यू घालतो. मित्र म्हणतो हे दहशतवाद्यांचं घड्याळ आहे, अमेरिकेच्या व्हिसाला घालून जाऊ नको. चेष्टा करतोय का?
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर: चेष्टाच करतोय, पण त्याच्या चेष्टेला बूड आहे. 1989 पासून निघतंय हे घड्याळ, 21 ग्रॅम वजन, एक सेल सात वर्षं, आणि आपल्याकडे हजार-दीड हजारात मिळतं. जगात कोट्यवधी लोक घालतात. आता स्वस्त, बिनचूक आणि गजर असलेलं यंत्र कोणालाही आवडणार, तसं ते अल-कायदाच्या तळांवर बॉम्बचा टायमर म्हणून वापरलं गेलं. मग झालं असं की ग्वांतानामो या अमेरिकन लष्करी तुरुंगातल्या कैद्यांवर अमेरिकन लष्कराने जी कागदपत्रं केली, 2011 मध्ये फुटून सगळ्या जगाने वाचली, त्यात पकडताना मनगटावर हे कॅसिओ किंवा त्याचं चंदेरी भावंड सापडलं ही गोष्ट संशयाचा पुरावा म्हणून चक्क नोंदवलेली आहे. एका कुवेती कैद्याने सुनावणीत सांगितलं की इथल्या तुरुंगातले धर्मगुरूसुद्धा हेच घड्याळ घालतात, त्यांचं काय! मला हा माणूस भारी आवडला. गुप्तचर खात्याने इतकी सामान्य वस्तू खूण म्हणून धरली की मग हाताला काहीच लागत नाही, आपल्याकडे पायात स्लिपर होती म्हणून एखाद्यावर संशय घेण्यासारखं आहे ते.

तुम्ही घालून जा बिनधास्त. व्हिसा ऑफिसात तसंही हातातल्या स्मार्टवॉचलाच आत सोडत नाहीत.

प्रश्न: माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत. वाढदिवसाला मी हौसेने जीपीएसचं महागडं घड्याळ दिलं, तर म्हणतात पोस्टिंगला नेणार नाही, घरीच राहू दे. मला वाईट वाटलं. खरंच इतकं असतं का हो?
– बेळगाव

उत्तर: ताई, वाईट वाटून घेऊ नका, मिस्टर अगदी शहाणपणाने वागतायत, आणि या विषयावर मला जरा सविस्तर लिहायचंच होतं, बरं झालं तुम्ही विचारलंत.

स्ट्राव्हा नावाचं ॲप आहे, पळणं, सायकलिंग नोंदवायचं. त्यांनी 2017 च्या शेवटी जगाचा एक नकाशा टाकला, लोक कुठे कुठे पळतात ते उजळ रेघांनी दाखवणारा, नावं नाहीत काही नाही, नुसती रेघ. शहरं तर उजळणारच. पण जानेवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विशीतल्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या काळ्याकुट्ट वाळवंटात मधेच चौकोनी रेघा चमकतायत. त्या म्हणजे सैनिकांच्या तळांच्या कुंपणाकडेने रोज सकाळी मारलेल्या फेऱ्या. तळाचा आकार, आतले रस्ते, गस्तीची वाट, सगळं त्यांच्याच मनगटांनी काढून दिलेलं. त्याच वर्षी जुलैत पोलार कंपनीच्या ॲपमधून पत्रकारांनी सहा हजारांहून जास्त लोकांची नावं शोधून काढली, सैनिक आणि गुप्तचर खात्यातले लोक, तळावर पळतात आणि सुट्टीत घराच्या दारात घड्याळ चालू करतात, म्हणजे घराचा पत्ताच हातात. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेवरच्या भागात जागा सांगणारी सगळी सोय बंद ठेवायचा हुकूम काढला. एवढं होऊनही 2024 मध्ये फ्रेंच पत्रकारांनी परत दाखवून दिलं की राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक पळायला जातात त्यावरून राष्ट्राध्यक्ष कुठल्या हॉटेलात उतरणार ते कळतं. माणसाला आपले किलोमीटर दाखवायची हौस किती असते बघा.

आणि हे नुसतं नकाशावर राहत नाही. जुलै 2023 मध्ये रशियातल्या क्रास्नोदार शहरात पाणबुडीचा एक माजी कमांडर सकाळी बागेत पळत असताना गोळ्या घालून मारला गेला. त्याचे पळण्याचे रस्ते स्ट्राव्हावर सगळ्यांना दिसत होते. त्यावरूनच मारेकरी पोचले असं मी म्हणत नाही, पण दिसत होते एवढं खरं. त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकन लष्कराने आपल्या लोकांना बजावलं होतं की न मागवता टपालाने फुकट स्मार्टवॉच आलं तर चालू करू नका, आत फोनमधली माहिती चोरणारं काहीतरी असू शकतं. फुकट घड्याळ! शंभर वर्षांपूर्वी रात्री शत्रूला आकड्यांची चमक दिसू नये म्हणून घड्याळ झाकायचे, आता दिसतं ते आकाशातून.

आपल्या आर्मीनेही 2020 च्या जुलैत जवानांना फोनमधली 89 ॲप काढून टाकायला सांगितलं होतं, तेव्हा मिस्टरांना हे नियम नवीन नाहीत. तुम्ही असं करा, ते घड्याळ तुम्ही घाला, सुट्टीवर आले की दोघं मिळून किल्ल्याला फेऱ्या मारा. फक्त ॲपमध्ये जाऊन खातं खासगी करा आणि घराच्या आसपासचा नकाशा लपवायची सोय असते ती चालू करा, आणि त्यांना पोस्टिंगसाठी साधं चमकत्या काट्यांचं सेलचं घड्याळ द्या, कॅन्टीनमध्ये मिळेल.

प्रश्न: पप्पा मस्कतला तीस वर्षं होते. त्यांच्या ओळखीच्या एका इंग्रज साहेबाकडे रोलेक्स होतं, डायलवर लाल खंजीर. आता इथे एक जण तसंच विकतोय, घ्यावं का?
– मडगाव, गोवा

उत्तर: साहेबाचं खरं असण्याची शक्यता भरपूर, इथल्याचं जवळजवळ शून्य.

तो खंजीर ओमानचं राजचिन्ह. सुलतान काबूस 1970 मध्ये गादीवर आले तेव्हा दक्षिणेत धोफारमध्ये बंड चालू होतं, ते मोडायला ब्रिटिशांचे एसएएस कमांडो मदतीला गेले. अधिकृतपणे ते 'प्रशिक्षण देणारी तुकडी' होते, लढायला आलेत असं कोणी म्हणायचं नाही. आणि सुलतानाने कौतुक म्हणून लंडनच्या ॲस्प्रेच्या दुकानातून खंजीर छापलेली रोलेक्स मागवून त्यातल्या काहींना भेट दिली. म्हणजे कागदावर ब्रिटिश शांतपणे शिकवतायत आणि मनगटावर सुलतानाचा खंजीर! आज लिलावात त्यांना प्रचंड भाव येतो, म्हणून खोटे खंजीरही तितकेच, डायलवर एक शिक्का मारायला काय लागतं. घड्याळाबरोबर ते कोणाला, कधी, का मिळालं याची मूळ कागदपत्रं नसतील तर नुसत्या साध्या रोलेक्सचाही भाव देऊ नका. पप्पांकडे साहेबाचा हात दिसेल असा एखादा फोटो असेल तर मात्र मला जरूर पाठवा, किमतीसाठी नाही, मला बघायचंय म्हणून.

प्रश्न: काका, माझं एनडीएला सिलेक्शन झालंय, पुढच्या महिन्यात खडकवासल्याला रिपोर्ट करायचंय. मला ते काळं मोठं टॅक्टिकल घड्याळ हवंय, आई म्हणते स्मार्टवॉच घे, बाबा म्हणतात माझं जुनं एचएमटी घेऊन जा. बजेट तीन हजार.
– सांगली

उत्तर: अरे वा, आधी पेढे पाठव! आईचं घड्याळ बेळगावच्या ताईंच्या पत्रात निकालात निघालं. पहिलं काम, जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स नीट वाच, काय आणायचं काय नाही ते त्यात असतं, ते जे म्हणतील ते माझ्या सल्ल्याच्या वर.

टॅक्टिकलचं सांगू का, ज्यावर टॅक्टिकल असं छापलंय ते बहुतेक फौजेबाहेरच्या लोकांसाठी असतं. तुला पाहिजे हलकं, 100 मीटर पाण्याचं, रात्री दिसणारं, 24 तासांचं टायमिंग दाखवणारं, रबरी पट्ट्याचं. कॅसिओचं जी-शॉक 1983 ला आलं तेव्हापासून जगभरच्या फौजांत ते चालतंय ते उगाच नाही, इबे नावाच्या इंजिनियरचं वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं आणि त्याने न फुटणारं करायचं मनावर घेतलं. पण नवीन जी-शॉक तुझ्या बजेटच्या वर जाईल, त्याच कंपनीची साधी डिजिटल हजार-दोन हजारात चांगली मिळतात, उरलेल्या पैशात एक जादा पट्टा आणि काचेवरच्या ओरखड्यांसाठी पॉलिशची ट्यूब घे. निघायच्या आदल्या दिवशी वेळ सेकंदाला जुळव, आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टोले ऐक किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या साइटवर बघ, आपली प्रमाणवेळ तेच सांभाळतात, मित्राच्या फोनवर किंवा स्टेशनवरच्या घड्याळावर लावू नको.

आणि बाबांचं एचएमटी तिकडे चिखलात नेऊ नको, फुटेल, मग दोघंही रडाल. ते त्यांच्याकडेच राहू दे, मधे कधीतरी माझ्याकडे पाठवा, साफ करून तेल देऊन ठेवतो, तीन वर्षांनी पासिंग आउटच्या दिवशी घालशील. तोपर्यंत बाबांना सांग रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची, आणि हाताला अडल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं, अजून एक फेरा, अजून एक फेरा करत जोर लावायचा नाही. स्प्रिंग तुटली तर या मशीनची मूळ स्प्रिंग आता शोधत फिरावं लागतं, मागच्या वेळी एकासाठी मला पाच महिने लागले.